पाच पाकळ्यांची टोपली

मागच्या अंकात चिंध्यांच्या गोल पायपुसण्याचा फोटो छापला आणि खाली मी चार ओळींत कृती उरकली: "टाके घाला, अर्धवट सुया विणत पाकळ्या करा, शेवटी जोडा." (सुई म्हणजे इथं विणलेली एक ओळ, पाकळी म्हणजे मध्याकडे निमुळता होत जाणारा तुकडा.) जागा नव्हती हे खरं, आळस केला हेही खरं. त्याची वसुली या महिन्याच्या पत्रांनी केली. बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा घेते.

प्रश्न : ताई, फोटो बघून मी आईच्या जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या काढल्या. जाड सुयांवर २४ टाके घातले. पाच पाकळ्या झाल्यावर दोन्ही कडा एकमेकींना पोचल्या, म्हणून शिवून टाकल्या. आता ते जमिनीवर बसतच नाही. मधे उंच, कडेला खाली. उलटं केलं की चक्क टोपली. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, कांदे ठेवू." सगळं उसवू का?
— एक नवी सून, साखर पेठ, सोलापूर

उसवू नकोस. आणि सासूबाईंचं मनावर घेऊ नकोस, माझ्या तर याच्यापुढे गेल्या होत्या.

माझं पहिलं पायपुसणं १९८४ सालचं. लग्नाला वर्ष झालं होतं, भवानी पेठेत दोन खोल्या, पलीकडच्या भिंतीला माग लागून. मीही अशीच मांडीवर घेऊन विणलं, कडा पोचल्या तशा जोडल्या आणि झाली टोपली. सासूबाईंनी ती उचलली, उलटी केली, दोन बोटांनी दाबून बघितली आणि माठाखाली चुंबळ म्हणून सरकवली. सोलापूरचा मे महिना. माठ पाझरायचा, चुंबळ ओली राहायची. नऊ उन्हाळे ती तिथंच होती. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "सुनेनं विणलंय." ते कौतुक होतं की टोमणा, मला अजून उमगलेलं नाही.

चूक तुझ्या हाताची नाही, जागेची आहे. मांडीवर वीण वाकते, त्यामुळे कडा लवकर भेटतात. हे काम फरशीवर पसरून बघायचं असतं. शहाबादी फरशी असेल तर उत्तम, खडूनं गोल काढता येतो.

आता हिशेब. शाळेत मी ३१ वर्षं कार्यानुभव शिकवला. गणिताच्या बाई माझ्या तासाला 'खेळाचा तास' म्हणायच्या, त्यांना हे वाचायला पाठवणार आहे.

सगळ्या सुया सुलट विणल्या की दर दोन सुयांमागे एक उंच रेघ उठते. मी तिला वरंबा म्हणते, उसाच्या रानातल्या सरी-वरंब्यासारखी दिसते म्हणून. सुलट विणीची गंमत अशी की एका वरंब्याची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते. तुझे २४ टाके म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर. गोलाचा घेर या अंतराच्या ६.२८ पट असतो. म्हणजे बाहेरच्या कडेला १५१ वरंबे लागतात. पाकळीत दर वरंब्याला मध्याकडचा एकेक टाका सोडत जातो, म्हणून एका पाकळीत कडेला २४ वरंबे येतात. तू पाच केल्यास, झाले १२०. एकतीस वरंब्यांचा घेर कमी पडला, मग कड आत ओढली जाणार आणि मधलं वर उठणारच. उलट कुणी आठ पाकळ्या केल्या तर १९२ होतील आणि कडेला परकराच्या झालरीसारख्या लाटा येतील. तसंही एक पत्र आलंय, त्या बाईंनीही उत्तर इथंच वाचावं.

तुझ्यापुरता उपाय : फक्त जोडशिवण सोड. शेवटची सुई बंद केली असशील तर तेवढी एक उसवून २४ टाके परत सुईवर घे. सहावी पाकळी विण आणि तिच्या सुरुवातीला पूर्ण लांबीचे तीन-चार वरंबे जास्त घाल. उरलेला तीन-चार वरंब्यांचा फरक वीण ओली करून पसरली की जिरतो. फरशीवर पसर. कडा भेटल्या आणि मध्य खाली टेकला, की मगच जोड.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी असं करावं. २४ टाके घाला. सुई जिथं सुरू करता ती बाहेरची कड, दुसरं टोक मध्य. चार सुया पूर्ण विणा. पाचव्या सुईला २३ टाके विणून एक सोडा, तिथंच वळा, परत या. मग २२ विणून दोन सोडा, वळा, परत या. असं करत एका टाक्यावर या. स्वेटरच्या खांद्याचा उतार काढताना आपण हेच करतो, नवं काही नाही. एका टाक्यावरून परत आलात की पाकळी पुरी झाली. पुढची पुन्हा चार पूर्ण सुयांनी सुरू. अशी पाकळी २५ वरंब्यांची होते, सहा पाकळ्यांचे १५०. हवे होते १५१. एवढं चालतं.

वळताना एक काळजी घ्या. नुसतं वळलं तर वळणापाशी भोक पडतं आणि मध्याकडे जाणारी भोकांची रांग दिसते. वळण्याआधी पट्टी पुढे घ्या, पुढचा टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, पट्टी मागे न्या, टाका जागेवर ठेवा आणि मग वळा. त्या टाक्याच्या गळ्यात वेढा बसतो. पायपुसण्याला मी दर वेळी एवढं करत नाही, खोटं कशाला बोलू. भोकांची नक्षी बरी दिसते आणि उंबऱ्यापाशी वाकून कोण बघतंय?

सहावी झाली की टाके सैल बंद करा आणि सुरुवातीच्या कडेला गोधडीच्या सुईनं जोडा. मध्यावर बारा वरंब्यांची टोकं येतात. त्यांतून मजबूत दोरा ओवून बटव्यासारखा आवळा, मागे गाठ मारा.

हे सगळं सहाचं गणित माझ्या हाताचं, हे मात्र ध्यानात ठेवा. शेजारच्या अक्कांनी आयुष्यभर मागाच्या कांड्या भरल्या, त्यांना सैल दोरा बघवत नाही. त्यांची वीण इतकी गच्च की दहा वरंबे दहा टाक्यांएवढे भरतच नाहीत, नऊ टाक्यांएवढेच भरतात. ६.२८ ला दहानं गुणून नवानं भागा, सात येतात. अक्कांना सात पाकळ्या लागतात आणि पूर्ण सुया चारऐवजी दोनच. त्यांनी माझ्या शब्दावर सहा केल्या. टोपली झाल्यावर त्या तेलुगूत मला जे म्हणाल्या ते संपादक छापणार नाहीत. तेव्हा आधी दहा टाके, वीस सुयांचा चौकोन विणून बघा. खरोखर चौकोन आला तर सहा. बुटका आला तर सात.

पट्ट्यांबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय, म्हणून इथंच सांगते. साडी आडवी कापत बसू नका. काठ काढून टाका, तो फाटताना नखं घेतो. उरलेलं कापड लांबीत तीन-साडेतीन सेंटीमीटरवर फाडत न्या, शेवटचा बोटभर भाग सोडा, मग त्या टोकाकडून पुढची पट्टी फाडत या. अशी सापासारखी एकच लांब पट्टी निघते. एक साडी संपली की गाठ मारू नका, ती आयुष्यभर तळपायाला टोचेल. दोन्ही टोकांना काजाएवढी चीर द्या. नव्या पट्टीचं टोक जुन्याच्या चिरेतून ओवा, मग नव्या पट्टीचं दुसरं टोक तिच्याच चिरेतून काढून ओढा. साडी विरते कुठं? बसायच्या भागात. तो भाग टाकून द्या, नाहीतर सगळं पायपुसणं धड असताना तेवढंच फाटतं.

१० मिलीमीटरच्या सुया दुकानात मिळाल्या नाहीत तर सुताराकडून बांबूच्या करून घ्या, पॉलिश पेपरनं घासा, वर मेणबत्ती फिरवा. माझ्या हातानं अशा सुईवर दहा सेंटीमीटरला सात टाके बसतात, म्हणजे २४ टाक्यांचं पायपुसणं सव्वादोन फूट होतं. मला दोन साड्या लागल्या, वर मूठभर पट्टी उरली.

प्रश्न : मॅडम, मी ३८ वर्षं मागावर काढली. आता नातीकडून दोन सुयांचं विणकाम शिकलो. घरात टॉवेलच्या सुताचे कोन पडून आहेत, दोन-वीसचं, कोरं. त्याचंच तुमच्या पद्धतीनं ओटा पुसायचं गोल फडकं विणलं. दिसायला झकास, पण पाणी पीत नाही. ओट्यावरचं पाणी इकडून तिकडे ढकलतं. सूत तर चांगलं आहे. दुसरं, जोडाची जाडी हाताला लागते.
— एक विणकर आजोबा, अशोक चौक

काका, सुतातलं मी तुम्हाला काय सांगणार! पण मागावरचा माणूस टॉवेल विणतो, त्याचं धुलाईखातं वेगळीकडे असतं, म्हणून ही गोष्ट राहून जाते. कापसाच्या धाग्यावर मुळातच मेणाचा पातळ थर असतो. कोरं सूत त्यामुळे पाणी झटकतं. ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं सूत असेल तर वर खळही असते. आपल्या सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तोही मागावरून उतरल्या उतरल्या कुणी अंगाला लावून बघावा!

विणलेलं फडकं आहे तसंच उकळा. तीन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबणाचा चुरा, तासभर मंद आचेवर. भांडं स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियमचं पातेलं सोड्यानं काळं पडतं आणि खराब होतं, मग काकू मला नावं ठेवतील. पाणी चहासारखं पिवळट होईल, ते फेका, दोन-तीनदा खळबळून धुवा. वाळल्यावर वर पाण्याचा एक थेंब टाका. टाकताक्षणी आत गेला तर काम झालं, मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. फडकं थोडं आटेल आणि घट्ट होईल. ओटा पुसायला ते बरंच.

पुढच्या वेळी सूत किती पदरी घ्यायचं, तेही बघू. दोन-वीस म्हणजे वीसचे दोन पदर पिळलेले, हिशेबाला दहाच नंबर. नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो आकडा. दहा गुणिले ८४० यार्ड एका पौंडाला, म्हणजे १०० ग्रॅमला जवळपास १,७०० मीटर. ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलीमीटरच्या सुईला १०० ग्रॅमला दोनशे मीटरच्या आसपासचा दोरा शोभतो. तेव्हा आठ पदर एकत्र धरा. सैल पीळ द्या, नाहीतर सुईचं टोक पदरांमधे शिरून अर्धाच टाका उचलतं. २० टाके घातले की फडकं वीसेक सेंटीमीटरचं होतं.

जोडाचं म्हणाल तर पायपुसण्यासारखं टाके बंद करून शिवू नका. सुरुवातीचे टाके वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घाला. शेवटी तो दोरा काढला की तिकडचे टाके उघडे होतात. इकडचे सुईवर आहेतच. दोन्ही समोरासमोर धरा आणि जाड सुईत दोरा ओवून टाक्याला टाका घालत एक सुलट ओळ उभी करा. मागावर नव्या बीमची, म्हणजे ताण्याच्या रुळाची, तार जुन्या तारेला जोडताना जी नजर लागते तीच इथं लागते. हे आम्हा बायकांपेक्षा तुम्हाला लवकर जमेल असा माझा अंदाज आहे. जमलं की कळवा.

प्रश्न : मला पाकळ्या नकोत, जिलबीसारखं गोल गोल फिरत जाणारं हवं आहे. पण वेणी घालून शिवायची नाही, विणतानाच जोडत जायचं आहे. जमतं का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

जमतं, पण मोजायचा कंटाळा असेल तर वाटेला जाऊ नका.

चार टाक्यांची अरुंद पट्टी विणायची. पहिले २५ वरंबे झाले की एका कडेतून दोरा ओवून आवळा, छोटी चकती होईल. तिथून पुढे, परत येणाऱ्या प्रत्येक सुईच्या शेवटी आधीच्या फेरीच्या कडेचा एक फास उचला आणि शेवटच्या टाक्याबरोबर मिळून विणा. पट्टी स्वतःच स्वतःला चिकटत फिरते.

गंमत अशी, की फेरी मध्याजवळची असो की कडेची, प्रत्येक फेरीला आधीच्यापेक्षा २५ वरंबे जास्त लागतात. पट्टीची रुंदी चार टाके, ४ गुणिले ६.२८, झाले २५. चकती केवढी मोठी झाली याच्याशी त्याचा संबंधच नाही. मला हे वहीवर मांडूनही पटेना, शेवटी पाण्याच्या घागरीभोवती आणि नंतर पिंपाभोवती दोरी गुंडाळून बघितली.

म्हणून दुसऱ्या फेरीत ५० वरंबे : प्रत्येक फासात दोनदा जोडा. तिसरीत ७५ : दोन फासांत तीनदा, म्हणजे एकात एकदा, पुढच्यात दोनदा. चौथीत १०० : तीन फासांत चारदा. पुढं चारांत पाच, पाचांत सहा. पट्टीच्या आतल्या बाजूला थोडी दाटी होते. पूर्ण झाल्यावर ओलं करून पसरा, वर पाट ठेवा, पाटावर डबा, रात्रभर. सकाळी बसलेलं असतं. फेरीची सुरुवात ओळखायला रंगीत दोऱ्याची खूण बांधा. मी बांधली नव्हती, सातव्या फेरीत हरवले.

प्रश्न : आमच्याकडे शाळेच्या गणवेशाच्या कापडाच्या चिंध्या भरपूर आहेत. चालतील का?
— शिलाईकाम करणाऱ्या एक ताई, सोलापूर

पायपुसण्याला चालतील, विटणार नाहीत, वर्षानुवर्षं टिकतील. फडक्याला नको, त्या कापडात पॉलिस्टर असतं, पाणी शोषत नाही. आणि गरम पातेली धरायला किंवा त्याखाली ठेवायला तर मुळीच नको, तापलं की वितळून हाताला चिकटतं. टॉवेलच्या कापडाच्याही पट्ट्या कापू नका. कापल्या जागी वरचे फास सुटतात आणि विणताना घरभर कापूस उडतो.

प्रश्न : नळाला रोज पाणी येत नाही, त्यात हे ओलं झालं की एकटीला उचलत नाही. धुवायचं कसं?
— विडी घरकुलातून

आधी कोरडंच उलटं करून गॅलरीच्या कठड्यावर आपटा, अर्धी माती तिथंच जाते. मग कपडे धुतल्यावर उरलेल्या साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी पायांनी तुडवा. पिळू नका, जोड ओढला जातो. दोरीवर टांगू नका, गोल लांबुळका होतो. गच्चीवर आडवं पसरा, आपल्या उन्हात दुपारपर्यंत एक बाजू वाळते. लाल काठाची पट्टी चुकून गेली असेल तर पहिली धुणी वेगळी, नाहीतर घरातले सगळे बनियन गुलाबी.

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेत, स्टॉल लावायचा विचार आहे. एका पायपुसण्याची किंमत किती सांगू?
— बचत गटातल्या एक ताई

मी एकदा मैत्रिणीच्या स्टॉलवर चार ठेवली होती. लोक येतात, हातात घेतात, उलटं करून जोड बघतात आणि म्हणतात, "चिंध्यांचंच तर आहे." एका पायपुसण्यात जवळपास ३,९०० टाके असतात. मी सांगून बघितलं, कुणी थांबत नाही. मग मी एक पायपुसणं स्टॉलसमोर खाली अंथरलं आणि येणाऱ्याला म्हटलं, "चप्पल काढून उभं राहा." जानेवारीतली संध्याकाळ, जमीन गार. तीन गेली. चौथं खाली अंथरलेलंच होतं, ते धुळीनं माखलं, घरी परत आणलं. आकडा मी सांगत नाही, तुमच्या हाताचा वेग मला माहीत नाही. एक पाकळी विणायला किती वेळ लागतो तो मोजा, सहानं गुणा, आणि त्या वेळात शिलाईचे किती मिळाले असते ते पाहून मांडा. आणि हो, टोपली झालेली एखादी असेल तर तीही न्या. कांद्याला म्हणून नक्की खपेल.